लेखकाचा मुकादम की लेखकाचा वकील?

20 मे 2025 रोजी रात्री लंडनच्या टेट मॉडर्न या कलादालनात आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक जाहीर झाले आणि ते हासनच्या बानू मुश्ताक यांना मिळाले. हासन हे कर्नाटकातील एक जिल्ह्याचे गाव. बानू मुश्ताक या तेथे वकिली करणाऱ्या, बंडाय साहित्याच्या चळवळीतून पुढे आलेल्या लेखिका. त्यांच्या बारा कन्नड कथांचे इंग्रजी भाषांतर दीपा भास्ती यांनी केले आणि ते 'हार्ट लँप' या नावाने इंग्लंडातील एका लहानशा प्रकाशनसंस्थेने काढले. कन्नड भाषेला हा मान प्रथमच मिळाला, आणि कथासंग्रहाला मिळण्याचीही ती पहिलीच वेळ. त्याआधी तीनच वर्षे, म्हणजे 2022 साली, गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि' या हिंदी कादंबरीला डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरासाठी हेच पारितोषिक मिळाले होते. पारितोषिकाची रक्कम 50,000 पौंड. ती लेखक आणि भाषांतरकार यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते, ही गोष्ट आम्हां कामगार चळवळीतील माणसांना विशेष आवडली. काम दोघांचे, तर दामही दोघांचे.

ही बातमी आली तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: मराठीला हे केव्हा मिळणार? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे. हासनच्या घरात लिहिलेली कथा लंडनच्या परीक्षकांच्या टेबलावर पोहोचते ती कोणत्या वाटेने? चांगले लिहिले की ते आपोआप जगभर जाते, ही समजूत चांगला माल आपोआप विकला जातो या समजुतीइतकीच भोळी आहे. मधे माणसे असतात. भाषांतरकार असतो, संपादक असतो, प्रकाशक असतो. आणि पाश्चात्त्य देशांत बहुधा आणखी एक माणूस असतो, ज्याचे नाव मुखपृष्ठावर कधीच येत नाही. त्याला 'लिटररी एजंट' म्हणतात. आम्ही त्याला येथे लेखकाचा मध्यस्थ किंवा सरळ एजंट असेच म्हणणार आहोत.

आम्ही साहित्यिक नाही. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकावर आणि करारांच्या मसुद्यांत गेले. परंतु लेखकही शेवटी काम करून जगणारा माणूस आहे, आणि त्याच्या कामाचा करार कोण करतो, कोणाच्या बाजूने करतो, हा विषय आमच्या अभ्यासाबाहेरचा नाही.

एजंट करतो काय?

एजंटाचे काम थोडक्यात असे. लेखकाचे हस्तलिखित तो वाचतो, त्यात काय कमी आहे ते सांगतो, ते कोणत्या प्रकाशकाकडे जावे हे ठरवतो, भावाची बोलणी करतो, कराराचे कलम न कलम तपासतो, आणि पुढे वर्षानुवर्षे हिशेब मागत राहतो. एका पुस्तकात एकच हक्क नसतो, हे तो लेखकाला शिकवतो. मूळ भाषेत छापण्याचा हक्क वेगळा, भाषांतराचा वेगळा आणि तोही प्रत्येक भाषेचा वेगळा, चित्रपटाचा वेगळा, नाटकाचा वेगळा, ध्वनिमुद्रित पुस्तकाचा वेगळा. शेतकरी जसा ऊस एकीकडे आणि कडबा दुसरीकडे विकतो, तसे हे हक्क निरनिराळे विकता येतात.

या कामाबद्दल एजंटाला पगार नसतो. लेखकाला जे मिळेल त्यातून त्याचा ठराविक वाटा असतो. आज इंग्लंड-अमेरिकेत स्वदेशी विक्रीवर शेकडा 15 आणि परदेशी विक्रीवर शेकडा 20 हा सर्वसाधारण दर आहे. हिशेब सोपा आहे. समजा, पुस्तकाची किंमत 300 रुपये, मानधन शेकडा 10 आणि खप 1,000 प्रतींचा. लेखकाचे झाले 30,000 रुपये. त्यातून शेकडा 15 प्रमाणे एजंटाचे 4,500. लेखकाला काहीच मिळाले नाही तर एजंटालाही काही मिळत नाही. म्हणूनच लेखकाकडून वाचनाची फी आधीच मागणारा एजंट संशयास्पद समजला जातो.

दुसरी गोष्ट आगाऊ रकमेची. प्रकाशक पुस्तक घेताना लेखकाला काही रक्कम आधी देतो. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मुकादम मजुराला उचल देतो, तशीच ही दिसते. पण फरक फार मोठा आहे. वरच्या उदाहरणात लेखकाला 20,000 आगाऊ मिळाले असतील, तर 1,000 प्रती खपल्यावर त्याला आणखी 10,000 मिळतील. परंतु 500 प्रतीच खपल्या आणि मानधन 15,000 च झाले, तर उरलेले 5,000 सर्वसाधारणपणे परत मागितले जात नाहीत. मजुराची उचल मात्र पुढच्या हंगामात मानगुटीवर बसते. ऊसतोड्याच्या करारात नसलेले हे कलम लेखकाच्या करारात आले, ते बोलणी करणारे माणूस त्याच्या बाजूने बसल्यामुळे.

धंद्याचा जन्म

1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच सुमारास लंडनमध्ये अलेक्झांडर पोलॉक वॉट नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने एका लेखकमित्राची गोष्ट विकून दिली आणि त्यातून हा नवा धंदा निघाला. वॉट यांनी शेकडा 10 हा दर ठरवला व तो पुढे शंभर वर्षे टिकला. आर्थर कॉनन डॉयल आणि मुंबईत जन्मलेले रड्यार्ड किपलिंग हे त्यांचे अशील होते. 1896 साली जे. बी. पिंकर यांनी लंडनमध्येच दुसरी कचेरी काढली. जोसेफ कॉनरॅड हे त्यांचे लेखक. कॉनरॅड यांची पुस्तके तेव्हा खपत नव्हती आणि घरखर्च थांबत नव्हता. पिंकर यांनी वर्षानुवर्षे पदरचे पैसे देऊन त्यांना लिहिते ठेवले. दोघांत भांडणेही झाली. परंतु 1914 मध्ये 'चान्स' ही कादंबरी पुस्तकरूपाने खपली आणि मग कर्ज फिटू लागले.

प्रकाशकांनी या नव्या प्राण्याचे स्वागत केले नाही. लेखक-प्रकाशकांच्या जिव्हाळ्यात हा तिसरा कशाला, असा त्यांचा सूर होता. आम्हांला हा सूर परिचयाचा आहे. आम्ही पहिल्यांदा कारखान्यात गेलो तेव्हा मालकही हेच म्हणत: आमचे कामगारांशी घरच्यासारखे संबंध आहेत, बाहेरचा माणूस कशाला हवा?

बार्सिलोनाच्या कार्मेनबाई

हा मध्यस्थ मनात आणील तर काय करू शकतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण स्पेनमधले आहे. कार्मेन बाल्सेल्स यांचा जन्म 1930 साली कातालोनियातील एका खेड्यात झाला. 1956 मध्ये त्यांनी बार्सिलोनात आपली एजन्सी सुरू केली. त्या काळी स्पॅनिश लेखकाचा करार म्हणजे जन्माची वेठ होती. पुस्तक एकदा दिले की ते मुदतीशिवाय आणि प्रदेशाच्या मर्यादेशिवाय प्रकाशकाचे. कार्मेनबाईंनी दोन साध्या गोष्टींचा आग्रह धरला. कराराला मुदत हवी, आणि कोणत्या देशात विक्री करायची हे लिहिलेले हवे. कोणत्याही कामगार पुढाऱ्याला ही मागणी चटकन समजेल.

1965 साली त्यांनी न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाशी गाब्रिएल गार्सिया मार्केझ या कोलंबियन लेखकाच्या चार पुस्तकांचा सौदा एक हजार डॉलरांत केला. चार पुस्तकांना हजार डॉलर! लेखक या करारावर मुळीच खूष नव्हता. पण त्याने बाईंना सोडले नाही. 1967 मध्ये 'शंभर वर्षांचे एकाकीपण' ही त्याची कादंबरी बाहेर पडली. पहिली आवृत्ती 8,000 प्रतींची निघाली. पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. 1982 साली त्यांना नोबेल मिळाले.

मारिओ वार्गास योसा हे लंडनमध्ये शिकवण्याची नोकरी करून उरल्या वेळात लिहीत. कार्मेनबाई त्यांच्या घरी जाऊन थडकल्या आणि म्हणाल्या की नोकरी सोडा, बार्सिलोनाला या, तुमचा महिन्याचा खर्च मी देते, तुम्ही फक्त लिहा. ते गेले. 2010 साली त्यांनाही नोबेल मिळाले. आस्तुरियास, नेरूदा, आलेइशांद्रे, मार्केझ, सेला आणि योसा असे सहा नोबेल-विजेते या एका कचेरीच्या यादीत होते.

कार्मेनबाई 2015 साली वारल्या, मार्केझ त्यांच्या आदल्या वर्षी. तरी कचेरीचे काम थांबलेले नाही. मार्केझ यांची शेवटची लहान कादंबरी 2024 च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी डिसेंबरात 'शंभर वर्षांचे एकाकीपण' पडद्यावर मालिकारूपाने आले. या कादंबरीच्या चित्रपटहक्कांना मार्केझ यांनी हयातभर नकार दिला होता. एवढी कथा दोन-तीन तासांत मावणार नाही, आणि ती स्पॅनिश भाषेतच झाली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. 2019 मध्ये त्यांच्या कुटुंबाने होकार दिला तो मालिकेला, आणि मालिका स्पॅनिशमध्ये, मुख्यतः कोलंबियात चित्रित झाली. हक्क आपल्या हाती असले म्हणजे 'नाही' म्हणता येते, आणि 'नाही' म्हणता येते म्हणूनच पुढे आपल्या अटींवर 'होय' म्हणता येते. संपाच्या हक्काचे मर्मही याहून निराळे नाही.

आपल्या देशातलेही एक उदाहरण आहे. अरुंधती रॉय यांचे पहिले हस्तलिखित डेव्हिड गॉडविन या लंडनच्या एजंटाने वाचले आणि तो विमानात बसून थेट दिल्लीला त्यांना भेटावयास आला. 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' 1997 मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिला बुकर मिळाले. पुस्तक श्रेष्ठ होते म्हणून मिळाले, यात शंका नाही. पण ते वेळेवर, योग्य हातांत, योग्य दामाने पोहोचले, ते मध्यस्थामुळे.

मध्यस्थ कोणाचा?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग एजंट म्हणजे लेखकांचा तारणहारच झाला. तसे नाही. आम्ही मुकादम पाहिलेले आहेत. बाजारात हमालांच्या टोळीवाल्याचे राज्य होते, तेव्हा तोही स्वतःला हमालांचाच माणूस म्हणवीत असे. त्याचे राज्य मोडण्यासाठी 1969 चा माथाडी कायदा व्हावा लागला. मध्यस्थ चांगला की वाईट, याची आमची कसोटी एकच आहे: त्याला पैसे कोण देतो?

अमेरिकेत चित्रपट-मालिकांचे लेखन करणाऱ्यांची एक बलाढ्य युनियन आहे, रायटर्स गिल्ड. तिच्या ध्यानात आले की मोठ्या एजन्सी लेखकाच्या मिळकतीतून शेकडा 10 घेण्याऐवजी लेखक, दिग्दर्शक, नट अशी सगळी जुळवाजुळव करून देण्याबद्दल स्टुडिओकडूनच फी घेऊ लागल्या आहेत. म्हणजे लेखकाचा पगार वाढो की घटो, एजंटाला सुखदुःख नाही. त्याचा धनी बदलला. 2019 च्या एप्रिलमध्ये युनियनने आदेश दिला आणि सात हजारांहून अधिक लेखकांनी आपल्या एजंटांना सोडचिठ्ठी दिली. लढा जवळजवळ दोन वर्षे चालला. एकेक एजन्सी नमत गेली आणि 2021 च्या फेब्रुवारीत शेवटच्या मोठ्या एजन्सीनेही सही केली. हेच लेखक पुढे 2023 साली स्टुडिओंविरुद्ध 148 दिवस संपावर गेले आणि पुष्कळसे मिळवून परत आले.

यातून आम्ही असे समजतो की एजंट आणि संघटना ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. एजंट एका लेखकाला चांगला भाव मिळवून देतो. पण एकही करार सर्वांसाठी बदलत नाही. त्याला ज्याचे पुस्तक विकण्याजोगे वाटत नाही, तो त्याच्या दारातूनच परत जातो. सर्वांसाठी किमान अटी ठरवण्याचे काम संघटनेचेच. इंग्लंडात म्हणूनच वॉटसाहेबांच्या पाठोपाठ, 1884 मध्ये, लेखकांची 'सोसायटी ऑफ ऑथर्स' उभी राहिली.

आमच्या घरची गोष्ट

आता मराठीकडे वळू. मराठी लेखकाला सहसा एजंट नसतो. लेखक आणि प्रकाशक यांचे संबंध स्नेहाचे असतात, आणि कित्येक प्रकाशकांनी नुकसान सोसून उत्तम पुस्तके काढली, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु स्नेहाचा हिशेब ठेवता येत नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा'ला शासनाचे पारितोषिक मिळाले, त्यांच्या अनेक कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. आणि 1969 साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते दारिद्र्यात वारले. हिंदीचे थोर लेखक विनोदकुमार शुक्ल यांनी 2022 साली आपल्या पुस्तकांच्या अपुऱ्या मानधनाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्यानंतर त्यांची एक जुनी कादंबरी नव्या प्रकाशकाकडे गेली आणि 2025 च्या सप्टेंबरात तिच्या मानधनाचा 30 लाख रुपयांचा धनादेश त्यांना मिळाला. कादंबरी तीच, लेखक तोच. हिशेब तेवढा बदलला.

दुसरी गोष्ट आमच्या कमीपणाची आहे, पण सांगितली पाहिजे. आमच्या युनियनचे एक जुने सभासद, लेथवर काम करून निवृत्त झालेले, एके दिवशी पेढे घेऊन कचेरीत आले. त्यांचे आत्मकथन एका प्रकाशकाने स्वीकारले होते. करार म्हणून एक कागद होता, तोही त्यांनी कौतुकाने दाखवला. आम्ही पेढा खाल्ला, पाठ थोपटली, आणि कागद न वाचता परत दिला. रोज शंभर कामगारांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' म्हणून बजावणारे आम्ही, पण साहित्य म्हटल्यावर हात जोडून मोकळे झालो.

सात वर्षांनी ते पुन्हा आले. या वेळी पेढे नव्हते. त्यांच्या भाच्याला नागपूरला एका दुकानात त्यांच्या पुस्तकाचे हिंदी भाषांतर सापडले होते. नुकतेच छापलेले, आणि त्यांना कोणी कळवलेही नव्हते. 'भाऊ, माझ्या आईची गोष्ट आहे त्यात. निदान सांगायचं तरी,' एवढेच ते बोलले. मग आम्ही तो कागद वाचला. त्यात एवढेच होते की पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकास दिले आहेत. मुदत नाही, मानधनाचा दर नाही, काही नाही.

ओळखीच्या वकिलांना घेऊन बसलो तेव्हा कळले की कायदा लेखकाच्या बाजूने पुष्कळ बोलतो. लेखकच ऐकत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 19 व्या कलमात 1994 साली दुरुस्ती झाली. तीप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवे. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे त्यात लिहिलेले हवे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो हक्क लेखकाकडे परत येतो. आमच्या मित्राच्या कागदावर मुदत नव्हती, म्हणजे पाच वर्षांनी तो संपला होता, आणि हिंदी पुस्तक त्यानंतरचे होते. 'कायमचे' हा एक शब्द जर त्या कागदावर असता, तर आमची बाजू लंगडी पडली असती.

वकिलांचे पत्र गेले. दोन महिन्यांनी उत्तर आले, हक्क परत केल्याचे लेखी मिळाले आणि हिंदी आवृत्तीबद्दल काही रक्कमही मिळाली. रक्कम मोठी नव्हती. पण ते गृहस्थ म्हणाले, 'आता पुस्तक माझं आहे हे कागदावर आलं.' त्यानंतर त्यांनी कपाटातले दुसरे हस्तलिखित बाहेर काढले. मधली सात वर्षे त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती, हे आम्हांला तेव्हा समजले. वाईट करार माणसाचे पैसे नेतो, आणि त्याच्याबरोबर पुढचे पुस्तकही नेतो.

काय करता येईल?

मराठीत उद्याच वॉट किंवा कार्मेनबाई निर्माण होतील, असे आम्ही म्हणत नाही. हजार प्रतींच्या शेकडा 15 वर कोणाची कचेरी चालणार नाही. परंतु एजंट जे काम करतो त्यातले अर्धे काम सहकाराने करता येईल. प्रत्येक जिल्ह्यात साहित्यसंस्था आहेत, सार्वजनिक वाचनालये आहेत. तेथे महिन्यातून एक संध्याकाळ करार वाचण्यासाठी ठेवावी. एक वकील, एक जाणता लेखक आणि एक प्रामाणिक प्रकाशक, एवढी माणसे पुरे. एक छापील आदर्श करार तेथे असावा. नव्या लेखकाने सहीपूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात: कोणता हक्क, किती वर्षे, कोणता प्रदेश, किती मानधन आणि हिशेब केव्हा. भाषांतराचा व चित्रपटाचा हक्क वेगळा ठेवावा. पुढेमागे या संस्थांनी एकत्र येऊन चांगल्या पुस्तकांचे नमुना-भाषांतर करवून घ्यावे आणि ते बाहेरच्या प्रकाशकांकडे पाठवावे. तेथपासून मराठी पुस्तकाची हासनसारखी वाट सुरू होईल.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला, सभा झाल्या, आम्हीही टाळ्या वाजवल्या. भाषेचा मान सरकारने मान्य केला. ती भाषा लिहिणाऱ्याच्या कामाचा मान मात्र त्याच्या करारावर ठरतो, आणि तो कागद वाचण्याचे काम सरकार करणार नाही. ते आपणच केले पाहिजे. आपल्या ओळखीत कोणी पेढे आणि करार घेऊन आला, तर पेढा जरूर घ्यावा, पण आधी कागद मागावा.